थायरॉईडच्या गोळीची सवय लागते का?

समुपदेशनासाठी येणाऱ्या अनेक स्त्रियांच्या पिशवीत थायरॉईडचा एखादा जुना रिपोर्ट असतो आणि मनात एक ठरलेला प्रश्न असतो : ही गोळी एकदा सुरू केली की शरीराला तिची सवय लागते आणि मग ती जन्मभर सुटत नाही, हे खरे का? सातपूरच्या एका कारखान्यात माल तपासणीचे काम करणाऱ्या सुनंदाताईंनीही (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत) मला हेच विचारले. फक्त विचारण्याआधी त्यांनी गोळी परस्पर बंद करून टाकली होती.

त्या पहिल्यांदा आल्या त्या यजमानांच्या आग्रहाने. कामात लक्ष नाही, चिडचिड वाढली आहे, सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत अंथरूण सुटत नाही, या तक्रारी त्यांच्या नव्हेत, घरच्यांच्या होत्या. सासूबाईंच्या मते हा आळस होता आणि यजमानांच्या मते डिप्रेशन. मला मात्र त्यांचा स्वेटर खटकला. एप्रिलच्या ऐन उन्हात, आम्ही पंखा पूर्ण वेगाने लावून बसलेलो असताना, त्यांनी स्वेटरची बटणे गळ्यापर्यंत लावली होती. आवाज घोगरा आणि जड झाला होता, चेहरा सुजल्यासारखा दिसत होता आणि लग्नातली अंगठी बोटात इतकी रुतली होती की साबण लावूनही निघत नव्हती. खोदून विचारल्यावर बद्धकोष्ठ, केस गळणे आणि पाळीत वाढलेला रक्तस्राव हेही पुढे आले. उदासीनता आणि मंदावलेले थायरॉईड यांची लक्षणे एकमेकांत इतकी मिसळलेली असतात की नुसत्या बोलण्यातून त्यांची फोड करणे कोणाही समुपदेशकाला शक्य नाही, म्हणून मी त्यांना आधी फिजिशियनकडे पाठवले. तपासणीत टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारे संप्रेरक, म्हणजे हार्मोन) बरेच वाढलेले, टी-फोर (थायरॉईड स्वतः बनवते ते संप्रेरक) कमी आणि थायरॉईडविरुद्धच्या अँटिबॉडीज भरपूर निघाल्या. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच ग्रंथीवर उलटते असा हा आजार हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी १९१२ मध्ये प्रथम वर्णन केला, म्हणून तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

गोळी सुरू झाल्यावर काही महिन्यांत स्वेटर कपाटात गेला. मग शेजारणीने सवयीची भीती घातली आणि ताईंनी गोळ्या थांबवल्या. “मॅडम, बंद केल्यावर पंधरा दिवस मला काहीसुद्धा झालं नाही. म्हणजे गोळीची गरज नव्हतीच ना?” असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढच्या दोन महिन्यांत थकवा परतला, तेव्हा त्याचाही अर्थ त्यांनी सवय लागली असाच लावला.

या वेळी यजमान सोबत होते. त्यांची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे, त्यामुळे उदाहरणासाठी मला फार दूर जावे लागले नाही. घडाला दिला जाणारा जीए (जिबरेलिक आम्ल) हेही एक संजीवक, म्हणजे वनस्पतीचे हार्मोनच. पाण्यात त्याचे प्रमाण दहा-वीस पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत दहा-वीस भाग, एवढेच ठेवतात आणि मात्रा चुकली तर घडाचे काय होते, हे बागायतदाराला सांगावे लागत नाही. माणसाच्या शरीरातही असेच आहे. थायरॉईडची गोळी मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागात मोजतात, पण तेवढ्यावर हृदयाची गती, शरीराची ऊब, आतड्यांची हालचाल आणि मनाची उभारी अवलंबून असते.

हे प्रमाण राखते मेंदूच्या तळाशी असलेली, वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी. रक्तातले थायरॉईड संप्रेरक कमी झाले की ती टीएसएच वाढवून गळ्यातल्या ग्रंथीला कामाला लावते आणि पुरेसे झाले की हात आखडता घेते. टीएसएच वाढले म्हणजे थायरॉईड जोरात चालले आहे, असा उलटा अर्थ पुष्कळ लोक लावतात, तो म्हणूनच चूक आहे. ताईंच्या बाबतीत पीयूषिका सतत मागणी करत होती, पण इजा झालेली ग्रंथी ती पुरी करू शकत नव्हती. गोळीत असते ते हेच टी-फोर, ग्रंथी बनवते तेच. नशेच्या पदार्थाची मागणी वापराने वाढत जाते. इथे मात्र टीएसएच पाहून एक मात्रा ठरते आणि वजन फार बदलले, गर्भधारणा झाली, अशा कारणांनीच ती बहुधा बदलावी लागते.

मग ते पंधरा दिवस बरे का गेले? टी-फोर रक्तातून फार हळू ओसरते आणि साठा निम्म्यावर यायला सुमारे आठवडा लागतो, त्यामुळे गोळी थांबवल्यावर जुन्या साठ्यावर शरीर काही काळ निभावते. मात्रा बदलल्यावर डॉक्टर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासतात, त्याचेही कारण हेच. नंतर परतलेला थकवा हा मूळ कमतरतेचा होता, गोळीच्या ओढीचा नव्हता.

जन्मभर या शब्दाची धास्ती वाटणाऱ्यांना मी जुनी हकिकत सांगते. १८९१ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या डॉ. जॉर्ज मरे यांनी थायरॉईड मंदावल्याने खंगलेल्या ४६ वर्षांच्या एका स्त्रीला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. त्या उपचारावर ती १९१९ पर्यंत जगली. अर्थात प्रत्येकाला गोळी कायम लागते असेही नाही. बाळंतपणानंतर थायरॉईड काही महिने बिघडून पुन्हा ताळ्यावर येऊ शकते आणि किंचित वाढलेल्या टीएसएचला कधी नुसती देखरेख पुरते. तो निर्णय मात्र डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून घ्यायचा, शेजारणीने नव्हे.

बोलता बोलता आणखी एक गोष्ट निघाली. ताई गोळी चहाच्या डब्याशेजारी ठेवत आणि पहिल्या घोटाबरोबर, वर कॅल्शियमची गोळीही जोडीला घेत. चहा-कॉफीने ही गोळी नीट शोषली जात नाही. ती रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घेऊन अर्धा ते एक तास थांबायचे असते आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीत चार तासांचे अंतर ठेवायचे असते. आता पाकीट उशाशी असते.

टीएसएच ताळ्यावर आले तरी ताईंची सगळी उदासी गेली नाही, आणि जाणारही नव्हती. कारखान्यातून आल्यावर संपूर्ण स्वयंपाक एकटीने उरकायचा, यावरून सासूबाईंशी असलेला ताण कोणत्याही ग्रंथीतून आलेला नाही. पुढच्या भेटीला सासूबाईंनाही घेऊन या, असे मी दोघांना सांगितले आहे.