‘खराब’ द्राक्षांना इंग्रजीत काय म्हणावे? डॅमेज, डिफेक्ट, ब्लेमिश, फॉल्ट

निफाड तालुक्यातून आलेला प्रश्न थोडक्यात असा : निर्यातीला गेलेल्या द्राक्षांबद्दल नेदरलँड्सच्या आयातदाराने तीन तक्रारी कळवल्या आहेत. काही मण्यांच्या सालीवर तपकिरी ओरखडे आहेत, काही मणी देठाजवळ पांढरे पडले आहेत आणि काही पेट्यांच्या तळाचे मणी दबून फुटले आहेत. आपण तिन्हींना ‘खराब माल’ म्हणतो. इंग्रजी उत्तरात डॅमेज, डिफेक्ट, ब्लेमिश, फॉल्ट, फ्लॉ यांतला कोणता शब्द घालायचा? शब्दकोशात सगळ्यांपुढे ‘दोष’ नाहीतर ‘नुकसान’ एवढेच सापडते.

अडचण इंग्रजीत कमी आणि ‘खराब’ या शब्दात जास्त आहे. हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला. मुळात तो उजाड, उद्ध्वस्त अशा अर्थाचा. मराठीत मात्र तो इतका पसरला, की मुळातच कामाची नसलेली वस्तू आणि चांगली असून नंतर बिघडलेली वस्तू, दोन्ही त्यात मावतात. सातबाऱ्यावरचे ‘पोटखराब’ क्षेत्र पाहा. त्या जमिनीचे कुणी काही बिघडवलेले नसते, ती लागवडीलायक नाही एवढेच. त्याचे इंग्रजी कुणी ‘डॅमेज्ड लँड’ केले तर वाचणाऱ्याला तिथे पूर येऊन गेला असे वाटेल. तेव्हा इंग्रजी शब्द शोधण्याआधी आपल्याच वाक्यातला ‘खराब’ खोडायचा आणि तिथे नेमका मराठी शब्द घालायचा : डाग, इजा, उणीव, खोट, चूक, नासाडी. हे सगळे शब्द आपल्याकडे आहेत आणि इंग्रजीतले बरेचसे भेद त्यांच्यातही आहेत.

डॅमेजपासून सुरुवात करू, कारण पत्रव्यवहारात सगळ्यात महाग पडणारा शब्द तोच आहे. वस्तू आधी चांगली होती आणि नंतर बाहेरून काहीतरी घडले, हे डॅमेजमध्ये गृहीत असते. त्यामुळे ‘डॅमेज्ड’ वाचले की वाचणारा लगेच विचारतो, कशाने आणि कुठे? कारण दिले नसेल तर निर्यातीच्या पत्रात तो वाहतूक किंवा हाताळणी असेच समजतो. ‘थ्रिप्स डॅमेज’ (थ्रिप्स म्हणजे फुलकिडे), ‘हेल डॅमेज’ (हेल म्हणजे गारा) असे कारण जोडले की गैरसमज टळतो.

व्याकरणही सांभाळावे लागते. वस्तूची मोडतोड या अर्थी डॅमेज मोजता येत नाही. ‘अ डॅमेज’ किंवा ‘मेनी डॅमेजेस’ असे होत नाही. अनेकवचनी ‘डॅमेजेस’ हा कायद्यातला वेगळाच शब्द आहे. त्याचा अर्थ नुकसानभरपाईची रक्कम. ‘वी ॲक्सेप्ट द डॅमेजेस’ लिहिणाऱ्याला म्हणायचे असते, की माल बिघडला हे आम्हाला मान्य आहे. वाचणारा मात्र ‘आम्ही भरपाई देऊ’ असे वाचू शकतो. शब्दयोगी अव्ययही ‘टू’ लागते, ‘ऑफ’ नाही : ‘डॅमेज टू फॉर्टी बॉक्सेस’. आपल्याकडे ‘पेट्यांचे नुकसान’ म्हणतात, त्या ‘चे’मुळे हात आपोआप ‘ऑफ’कडे जातो. ‘डॅमेज ऑफ’च्या पुढे इंग्रजी वाचक रकमेची अपेक्षा करतो.

‘नुकसान’ हाही एक शब्द दोन अर्थ वाहतो. अवकाळी पाऊस झाला की पंचनाम्यात ‘पिकाचे नुकसान’ आणि ‘शेतकऱ्याचे नुकसान’ दोन्ही म्हणतात. इंग्रजीत पिकाचे होते ते डॅमेज आणि शेतकऱ्याचा होतो तो लॉस. मणी तडकले हे डॅमेज. त्यामुळे भाव पडला आणि पैसे बुडाले, हा लॉस. विम्याच्या कागदात या दोन शब्दांची अदलाबदल करू नये.

डिफेक्टचे मूळ लॅटिनमधल्या ‘कमी पडणे’ या क्रियापदात आहे. अन्नद्रव्यांच्या कमतरतेला आपण ‘डेफिशियन्सी’ म्हणतो, तो शब्दही त्याच मुळाचा. डिफेक्ट म्हणजे ठरलेल्या मापाला वस्तू कमी पडणे. ती कशाने कमी पडली, हे हा शब्द सांगत नाही. म्हणून प्रतवारीच्या नियमांत तोच आवडता आहे. टेबल ग्रेप्सच्या, म्हणजे खाण्याच्या द्राक्षांच्या, यूएनईसीई (संयुक्त राष्ट्रांचा युरोपसाठीचा आर्थिक आयोग) मानकात एक्स्ट्रा क्लासला, म्हणजे सगळ्यात वरच्या प्रतीला, अगदी किरकोळ, वरवरचे डिफेक्ट चालतात, तेही घडाचे रूप, दर्जा आणि टिकाऊपणा बिघडवत नसतील तरच. क्लास वनला आकार आणि रंगातले किरकोळ डिफेक्ट आणि फक्त सालीपुरता अगदी हलका उन्हाचा चट्टा चालतो. क्लास टूमध्ये हलके ब्रूझिंग, म्हणजे मुका मारही बसतो. निकषात न बसणाऱ्या मालाची मर्यादा वजनाने एक्स्ट्राला 5 टक्के, तर इतर दोघांना 10 टक्के आहे. आयातदार या तक्त्यावर बोट ठेवून लिहीत असेल तर उत्तरातही डिफेक्टच वापरावा, म्हणजे दोघे एकाच भाषेत बोलतील. मात्र ‘डिफेक्टिव्ह ग्रेप्स’ लिहू नये. डिफेक्टिव्ह हे विशेषण पंप, वायर, बॅटरी अशा बनवलेल्या वस्तूंना शोभते. फळांसाठी ‘बेरीज विथ स्किन डिफेक्ट्स’ हे नैसर्गिक आहे.

ब्लेमिश म्हणजे आपला डाग. तो पृष्ठभागावर असतो, रूप बिघडवतो, पण आतल्या गराबद्दल काही बोलत नाही. थ्रिप्सच्या ओरखड्यांना याहून चांगला शब्द नाही. मणी लहान असताना थ्रिप्स साल खरवडून रस शोषतात, मणी फुगतो तशी ती खूणही ताणली जाते आणि तपकिरी, खरखरीत होऊन राहते. म्हणजे पॅकिंगच्या वेळी ती असतेच. तिला नुसते डॅमेज म्हटले तर वाहतुकीवर नाहक संशय येतो. ब्लेमिश म्हटले की चव आणि टिकाऊपणा शाबूत असल्याचे सूचित होते. ते खरे असेल तरच हा शब्द वापरावा.

देठाजवळ पांढऱ्या पडलेल्या मण्यांसाठी इन्ज्युरी हा शब्द घ्यावा, म्हणजे आपली ‘इजा’. पेटीतल्या ग्रेप गार्डच्या कागदात सोडियम मेटाबायसल्फाइट असते. ओलाव्याने त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि बुरशीला आवर घालतो. तापमान खाली-वर होऊन पेटीत पाणी सुटले तर वायू एकदम जास्त निघतो आणि मणी देठाशी, नाहीतर सालीला जिथे बारीक चीर असेल तिथे, रंग सोडतो. तोडलेला मणीही जिवंत ऊतीचा असतो, म्हणून कोल्ड स्टोरेजचे जाणकार ‘चिलिंग इन्ज्युरी’, ‘सल्फर डायऑक्साइड इन्ज्युरी’ असेच लिहितात. कीटकशास्त्रात तर या जोडीत स्पष्ट भेद आहे : किडीने झाडाला केले ते इन्ज्युरी, त्यातून मोजता येण्याजोगे उत्पन्न किंवा मोल घटले ते डॅमेज. पाने थोडी कुरतडली आणि माल तेवढाच निघाला, तर इन्ज्युरी झाली, डॅमेज नाही. नुसते वर्णन करायचे असेल तर ‘ब्लीचिंग’ पुरते.

फॉल्टपासून मात्र जपून. फळाच्या बाबतीत तो जवळजवळ कधीच वापरत नाहीत आणि माणसाच्या बाबतीत तो जबाबदारी ठरवतो. ‘इट वॉज अवर फॉल्ट’ हा कबुलीजबाब आहे. यंत्राचा किंवा विजेचा बिघाड हा त्याचा दुसरा अर्थ. नाशिकच्या वायनरीतली मंडळी ‘वाइन फॉल्ट’ म्हणतात तो तिसरा : ऑक्सिडेशन, बुचाचा कुबट वास असे वाइन पिण्याजोगी न ठेवणारे दोष. तिथे त्याच्या शेजारी फ्लॉही असतो, पण सौम्य अर्थाने, चव थोडी हुकली इतकाच. एरवी फ्लॉ म्हणजे आपली ‘खोट’. हिऱ्यातली, करारातली, युक्तिवादातली, आतच असलेली आणि वस्तू कमकुवत करणारी. द्राक्षांच्या पत्रात तिचे काम नाही.

तळाच्या दबलेल्या मण्यांसाठी तर एकही सर्वसाधारण शब्द नको. साल शाबूत आणि आत मार लागलेला असेल तर ब्रूझ्ड, दाबाने फुटलेला असेल तर क्रश्ड. काढणीच्या सुमारास पावसाचे पाणी शोषून साल उलली असेल तर क्रॅक्ड, आणि मणी देठापासून सुटून पेटीत पडले असतील, म्हणजे मणीगळ, तर शॅटर. डोळ्यांना दिसते ते सांगणारा शब्द मिळत असेल तर डॅमेजच्या वाटेला जाऊच नये.

उत्तर असे लिहिता येईल : ‘सम बेरीज हॅव स्लाइट स्किन ब्लेमिशेस कॉज्ड बाय थ्रिप्स. द ब्लीचिंग निअर द स्टेम एंड इज कन्सिस्टंट विथ सल्फर डायऑक्साइड इन्ज्युरी. बेरीज ॲट द बॉटम ऑफ सम बॉक्सेस वेअर फाउंड क्रश्ड ऑन अरायव्हल.’ शेवटचे दोन शब्द मुद्दाम तसे ठेवले आहेत. ‘ऑन अरायव्हल’ म्हणजे पोहोचल्यावर तसे आढळले, एवढेच. ‘इन ट्रान्झिट’ लिहिले तर वाटेतच घडले असा दावा होतो. पेट्या भरतानाचे फोटो किंवा बंदरावरचा तपासणी अहवाल हाताशी असेल तेव्हाच तो करावा.