लिनक्सवर ओपनबॉक्स टाकलं, पण लॉगिन केल्यावर नुसता रिकामा पडदा दिसतो. सुरुवात कुठून करू?

घाबरू नका, बिघडलं काहीच नाही. ओपनबॉक्स हा विंडो मॅनेजर आहे, म्हणजे तो फक्त प्रोग्रॅमच्या खिडक्या सांभाळतो. पॅनेल, वॉलपेपर, नेटवर्कचं चिन्ह हे सगळं आपणच आणायचं असतं. रिकाम्या जागी राइट-क्लिक करा, मेनू उघडेल.

आधी /ईटीसी/एक्सडीजी/ओपनबॉक्स मधल्या फाइली होम फोल्डरच्या .कॉन्फिग/ओपनबॉक्स मध्ये कॉपी करा. मूळ फाइलींना हात लावू नका. मग पॅनेलसाठी टिंट२ आणि वॉलपेपरसाठी फेह बसवा आणि दोन्हींच्या ओळी त्याच फोल्डरमधल्या ऑटोस्टार्ट फाइलीत लिहा. इथेच बहुतेक नवशिके अडकतात: सतत चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या ओळीच्या शेवटी & हवंच. ऑटोस्टार्ट ही साधी शेल स्क्रिप्ट आहे, म्हणजे एकेक ओळ क्रमाने चालवणारी फाइल; & राहिलं तर तो प्रोग्रॅम बंद होईपर्यंत पुढची ओळ चालतच नाही. शिवाय ही फाइल फक्त लॉगिनच्या वेळी वाचली जाते, त्यामुळे बदल केल्यावर लॉगआउट करून परत या.

कीबोर्डचे शॉर्टकट त्याच फोल्डरमधल्या आरसी.एक्सएमएल फाइलीत असतात. तिथे डब्ल्यू म्हणजे विंडोज की, ए म्हणजे ऑल्ट, सी म्हणजे कंट्रोल. बदलानंतर मेनूतून ‘रीकॉन्फिगर’ केलं की पुरतं. थीम आणि फाँटसाठी ऑबकॉन्फ हा सेटिंगचा प्रोग्रॅम वापरा, त्यासाठी फाइलीत शिरायची गरज नाही.

एका वेळी एकच बदल करा आणि आधी फाइलीची प्रत ठेवा. पडदा अडकलाच तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून टर्मिनलवर जा आणि जुनी प्रत परत ठेवा.