राजमाची, कोंडाणे, कातळधार: आधी पाणी बघा, मग वाट ठरवा

मे संपत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत निम्मी तरी उल्हास खोऱ्याबद्दल असतात. लोणावळा आणि कर्जतच्या मधली ती खोल, झाडीने गच्च भरलेली दरी, वरून राजमाचीचे दोन बालेकिल्ले, श्रीवर्धन आणि मनरंजन, पोटात कोंडाणे लेणी आणि दोन्हीकडून सरळसोट कडे. माझं अत्यंत आवडतं खोरं आहे हे, त्यामुळे यावेळचं सदर अख्खं त्यालाच दिलंय.

प्रश्न: आम्ही डोंबिवलीचे. मी, मिस्टर, अकरा वर्षांची मुलगी आणि सासूबाई, त्या त्रेसष्टच्या आहेत पण चालायला दणकट. कर्जतकडून कोंडाणे लेणी बघायची, तसंच वर राजमाची चढायची आणि संध्याकाळी लोणावळ्यात उतरून ट्रेन पकडायची असा मिस्टरांचा प्लॅन आहे, तोही जुलैमध्ये. जमेल का?

ताई, एका दिवसात हे नका करू. नकाशावर छोटं दिसतं पण कोंडाण्यापासून उधेवाडीपर्यंत म्हणजे राजमाचीच्या गावापर्यंत घाटाची अख्खी भिंत चढायची असते, जंगलातून, छातीवरचा चढ, पावसात माती अशी निसरडी होते की प्रत्येक पाऊल बघून टाकावं लागतं, आणि वर पोचल्यावर लोणावळा अजून साधारण 15 किलोमीटर लांब असतं. सवयीच्या ट्रेकर्सनासुद्धा तो दिवस मोठा पडतो.

त्यापेक्षा दोन वेगळ्या ट्रिप करा. पहिली फक्त कोंडाणे. कर्जतला उतरून रिक्षाने कोंडिवडे गावात जा, तिथून तासाभराची जंगलातली वाट आहे, मुलगी आणि सासूबाई दोघींनाही झेपेल. जोराचा पाऊस चालू असेल तर मात्र गावातच थांबायचं, वाटेत ओढे आहेत. लेण्यांवरून पावसाळ्यात धबधबा पडतो, त्याच्या बरोब्बर खाली उभं राहून फोटो काढायचा मोह सगळ्यांना होतो पण पाण्याबरोबर वरून दगड पण येतात, म्हणून मुलीला आधीच सांगून ठेवा. दुसरी ट्रिप लोणावळ्याकडून, तुंगार्लीवरून जाणारा कच्चा रस्ता, बराचसा सपाट. उधेवाडीत घराघरात राहायची आणि जेवायची सोय होते, फोन करून आधी कळवलं तर गरम भाकरी पिठलं तयार असतं. रात्री मुक्काम, सकाळी श्रीवर्धन बघा, दरवाजा आणि तो दुहेरी तटाचा चिलखती बुरूज मुलीला नक्की दाखवा. मनरंजन जमलं तर जमलं. दोन्हीच्या मधल्या खिंडीत भैरोबाचं देऊळ आहे, सासूबाईंना तिथपर्यंत आरामात जाता येईल.

प्रश्न: आमचा कॉलेजचा दहा जणांचा ग्रुप आहे, पुण्यातले आहोत. कातळधार धबधब्याच्या रील्स बघितल्या आणि आता जुलैच्या शेवटच्या वीकेंडला जायचं ठरवलंय. जीपीएसचा ट्रॅक डाउनलोड केलाय. अजून काय घ्यावं?

तारीख बदला, मित्रांनो. बाकी सामानाचं नंतर बोलू.

कातळधार बघण्यासारखा आहे यात वादच नाही, राजमाचीच्या वाटेवरून फणसराईच्या बाजूने जंगलात उतरायचं आणि समोर अख्खा कडाच पाणी होऊन कोसळताना दिसतो, मागे कपारीत शिरून पाण्याच्या पडद्याच्या आतून दरी बघता येते. ती कपार का झाली ते समजून घेतलंत तर धोका पण समजेल. सह्याद्री म्हणजे लाव्हाचे थरावर थर, काही थर कडक, काही मऊ. पाणी आणि तुषार सतत लागून मऊ थर आत आत झिजत जातो आणि वरचा कडक कातळ छज्ज्यासारखा पुढे राहतो. म्हणजे तुम्ही ज्याच्याखाली उभे राहणार तो अधांतरी कातळ आहे, आणि त्याचे तुकडे अधूनमधून खाली येतातच, खाली पडलेले धोंडे कुठून आले ते वर बघितलं की कळतं.

दुसरं पाणी. लोणावळ्याच्या माथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला मोठा भाग जुलै-ऑगस्टमध्ये. खाली सगळा कातळ, वर मातीचा पातळ थर, त्यामुळे एकदा जमीन भिजली की पुढचा पाऊस मुरत नाही, सरळ ओढ्यात येतो. तुम्ही खाली उतरताना घोट्याएवढा असलेला ओढा परतताना कमरेच्या वर असू शकतो, आणि तुमच्या डोक्यावर पाऊस पडत नसला तरी हे होतं, कारण वर माथ्यावर पडत असतो. दरीत ढग उतरले की दहा फुटांवरचा माणूस दिसत नाही, गर्द झाडीत आणि कड्याखाली जीपीएस भरकटतो, मोबाईलला रेंज नाही. अशा वेळी तुमचा डाउनलोड केलेला ट्रॅक ओढा ओलांडून द्यायला येत नाही. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र या बचाव पथकाच्या मंडळींनी या परिसरातून अडकलेल्या किती लोकांना बाहेर काढलंय, स्वतःचा जीव धोक्यात घालून, रात्री, पावसात. त्यांच्यावर ती वेळ आणू नका.

सप्टेंबर संपताना किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात जा. पाऊस ओसरलेला असतो, धबधब्याला पाणी भरपूर असतं, दरीत सोनकी फुललेली असते. पावसाळ्यात प्रशासन अशा ठिकाणी बंदीचे आदेश काढतं, निघायच्या आधी तेही बघा. गावातला माणूस वाटाड्या म्हणून घ्या आणि त्याला नीट पैसे द्या, घासाघीस करू नका, कारण कुठला ओढा किती वाजेपर्यंत ओलांडायचा हे तोच सांगू शकतो. तो म्हणाला की आज नको, तर आज नको. दहा जणांत एक 20-25 मीटरचा दोर, प्रत्येकाकडे टॉर्च आणि शिट्टी, कोरडे कपडे प्लास्टिकमध्ये. दुपारी एकच्या पुढे दरीत थांबू नका, तिथे अंधार लवकर होतो.

प्रश्न: कोंडाण्याला जाऊन आलो पण खरं सांगायचं तर तुटकं फुटकं वाटलं, कार्ल्यासारखं काही भव्य नाही. आम्ही काही बघायचं राहिलं का?

हो, राहिलं, आणि परत जा असंच सांगेन. कोंडाणे कार्ल्याच्या आधीचं आहे, साधारण इसवीसनपूर्व पहिलं शतक, म्हणजे दगडात अजून लाकडासारखं कोरायची पद्धत होती तेव्हाचं. चैत्याच्या, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहाच्या, समोर उभे राहा आणि ती मोठी पिंपळपानी कमान बघा, तिच्या बाजूच्या सज्ज्यांना, जाळ्यांना, तुळयांच्या टोकांना बघा, सगळं सुताराने केल्यासारखं आहे पण दगडात. मधल्या पट्ट्यांवर नाचणारी जोडपी आहेत, स्त्री-पुरुष, हातात धनुष्य वगैरे, अंगात एवढी लय की झीज होऊनही कळते. आतले बरेच खांब खालून नाहीसे झालेत आणि स्तूपही खराब झालाय, दोन हजार वर्षं धबधब्याच्या ओलीत राहिलेल्या लेण्याचं हेच होणार. कार्ल्याला छताच्या लाकडी कमानी अजून आहेत, इथे त्या गेल्या.

आता डावीकडे जा. तिथे एका मोठ्या मूर्तीचं फक्त डोकं उरलंय, चेहरा झिजलेला, पण फेट्याची घडण दिसते. त्याच्या शेजारी ब्राह्मीत एक ओळ आहे: कन्हस अंतेवासिना बलकेन कतं. म्हणजे कण्हाचा शिष्य बलक, त्याने हे केलं. त्या काळातल्या लेण्यांत दान देणाऱ्यांची नावं ढिगाने सापडतात, पण छिन्नी धरणाऱ्या हाताचं नाव फार क्वचित, आणि इथे तो माणूस आपल्या गुरूचं नाव आधी सांगून मग स्वतःचं सांगतो. मला हे वाचताना दरवेळी भरून येतं. शेजारच्या विहारात, म्हणजे भिक्षूंच्या राहण्याच्या लेण्यात, छताकडे बघा, तिथेही तुळया कोरल्यात, ज्यांचा भार पेलायला काहीच उपयोग नाही.

आणि हे लेणं इथे का, तर वर बोरघाट आहे. कल्याण-सोपाऱ्याहून माल घेऊन तांडे याच घाटाने चढायचे, पुढे कार्ले, भाजे, बेडसे. राजमाचीचा किल्ला पुढे याच घाटावर नजर ठेवायला कामी आला. आज वरून बघितलं तर समोरच्या डोंगरात रेल्वे बोगद्यातून आत बाहेर करताना दिसते, रस्ता तोच, वाहन बदललं.

प्रश्न: उन्हाळ्यात राजमाचीला पाणी मिळतं का?

गावात मिळतं, वाटेत नाही. लोणावळ्याकडून निघताना माणशी तीन लिटर घ्या. किल्ल्यावरच्या टाक्यांवर भिस्त ठेवू नका. गावाजवळ उदयसागर तलाव आहे, त्यात साबण लावून आंघोळी करू नका, गावाचा वापर त्याच्यावर आहे. काजवे बघायचे असतील तर पावसाच्या तोंडाशी जा, झाडाखाली टॉर्च आणि गाडीचे दिवे बंद ठेवा, काजव्याचा प्रकाश हा जोडीदाराला दिलेला इशारा असतो आणि आपल्या उजेडात तो हरवतो.

प्रश्न: ढाकचा बहिरी करायचाय. दोर लावलेलेच असतात असं ऐकलं, मग वेगळा न्यायची गरज आहे का?

आहे. बहिरी म्हणजे ढाकच्या कड्यातली देवाची गुहा, तिथे लावलेले दोर किती पावसाळे खाल्लेत ते बघून कळत नाही, त्याच्यावर अख्खा भार टाकू नका. जांभिवलीच्या कोंडेश्वराकडून वाट जाते, कळकराय सुळक्याच्या शेजारची घळ उतरून कड्याला बिलगून पुढे जायचं आणि मग गुहेपर्यंत सरळ कातळ. अनुभवी माणूस, स्वतःचा दोर, हार्नेस, हेल्मेट, आणि कातळ कोरडा असतानाच, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी. गुहेत देवाची भांडी आहेत, स्वयंपाकाला वापरता येतात, पण घासून जागेवर ठेवायची आणि एकही खाली आणायचं नाही.

आणि एक, कड्यांवर आग्या मोहोळं असतात. परफ्यूम मारून येऊ नका, गुहेच्या तोंडाशी चूल पेटवू नका, आरडाओरडा नको. मोहोळ उठलंच तर हात झटकत बसू नका, तोंड आणि मान कपड्याने झाका आणि वाट सुरक्षित असेल तर लांब निघा, कड्यावर दोराला असाल तर तिथेच कातळाला चिकटून निश्चल राहा.