एफसी गोवाने पुढच्या हंगामाआधी कोणाला ठेवावं, कोणाला सोडावं, कोणाला आणावं? तुमचा प्लॅन सांगा.

पहिल्या ओळीत परदेशी स्ट्रायकरचं नाव आलं की तो प्लॅन मी पुढे वाचत नाही. दुधाने तोंड पोळलंय माझं, २०२० साली. तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो, पण आधी हे ऐकून घ्या.

डिचोलीत माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. ७ मार्च २०२० ला मी फातोर्डा मैदानाच्या स्टँडमध्ये होतो. सेमीफायनलच्या दुसऱ्या सामन्यात चेन्नईयिनला आपण ४-२ हरवलं आणि तरीही बाहेर पडलो, कारण चेन्नईतला पहिला सामना १-४ गेला होता. आयएसएलची (इंडियन सुपर लीगची) साखळीत पहिलं येण्याची शिल्ड आपल्याकडे, १८ सामन्यांत ३९ गुण आपले, एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटात जाणारा पहिला भारतीय क्लब आपण, आणि फायनल मात्र दुसऱ्यांची. कोच लोबेराला तर साखळीचे तीन सामने बाकी असतानाच काढलं होतं. घरी येताना बाइकवर कोणी एक शब्द बोललं नाही.

दोन आठवड्यांत दुकानाला कुलूप लागलं. आत नव्या लांब वह्यांचा गठ्ठा पडून होता. त्यातली एक घरी आणली आणि संघ बांधायला बसलो. तीन रकाने पाडले: ठेवायचे, सोडायचे, आणायचे. बायकोला वाटलं उधारीचा हिशेब चाललाय, म्हणून तीन दिवस कोणी त्रास दिला नाही.

आपला स्पॅनिश स्ट्रायकर कोरो, त्याच्यावर दीड पान लिहिलं. ५७ सामन्यांत ४८ गोल, लिहिण्यासारखं होतंच. माणूस ३७ वर्षांचा आहे ही गोष्ट त्या दीड पानात कुठेही आली नाही. बाकीच्या परदेशींत बूमूसवर एक पान, सेंटर बॅक फॉल आणि बचावासमोरचा जाहू यांना मिळून एक. मधल्या फळीत कोण कोणाच्या मागे उभा राहील याच्या आकृत्यासुद्धा काढल्या, त्याही स्केचपेनने, दोन रंगांत. आणि ठेवायच्या रकान्यात सगळ्यात खाली, पेन्सिलने: "मंदार – ठीक. बदलता येईल."

मंदार राव देसाई. २०१४ पासून, म्हणजे क्लबच्या पहिल्या दिवसापासून आपल्याकडे असलेला, गोव्याचाच. विंगरचा लेफ्ट बॅक करून टाकला तरी तक्रार न करता धावणारा. त्याच्यासाठी माझ्याकडे एक ओळ होती. तीसुद्धा खोडता येईल अशी.

त्या पानाचा फोटो काढून मी दादरच्या मावसभावाला पाठवला. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा आणि मुंबई सिटीचा. पाठवायची खुमखुमी का होती तेही सांगतो. मार्च २०१९ मध्ये अंधेरीच्या मैदानावर आपण त्यांना सेमीफायनलला ५-१ धुतलं. तो तिथे बसला होता आणि मी प्रत्येक गोलला त्याला फोन लावत होतो. तिसऱ्यानंतर त्याने उचलणं बंद केलं. त्याच मैदानावर आठ दिवसांनी फायनल झाली. राहुल भेकेने जादा वेळेत कॉर्नरवर डोकं लावलं आणि बंगळूरु १-० जिंकलं. तेव्हा त्याचा फोन आला, "भेके आमचा मुंबईचा पोरगा." बंगळूरुचा गोल, आणि हिशेबात मुंबईच्या.

असो. फोटोवर त्याचं उत्तर एका ओळीचं होतं: "यातले किती राहतात बघू."

पुढचं तुम्हाला माहीत असेलच. लोबेरा मुंबईला. बूमूस मुंबईला. जाहू मुंबईला, फॉल मुंबईला. कोरो स्पेनला परत. मी प्रत्येक बातमीला वहीतलं एक पान दुमडत होतो. मंदारची बातमी आली तेव्हा दुमडायला पान नव्हतं, एक ओळ होती. मावसभावाने माझाच फोटो मला परत पाठवला, त्या ओळीभोवती लाल गोल करून. खाली लिहिलं होतं, "आम्ही बदलला."

मग पैज लागली. तो हंगाम अख्खा गोव्यातच झाला, रिकाम्या मैदानांवर. ८ मार्च २०२१ ला सेमीफायनलचा दुसरा सामना बांबोळीत, माझ्या घरापासून तासाभरावर, आणि मी टीव्हीसमोर. पहिला सामना २-२ सुटलेला. दुसऱ्यात १२० मिनिटांत एकही गोल नाही. पेनल्ट्या पाचावर संपल्या नाहीत, सहाव्या फेरीच्याही पुढे गेल्या. शेवटची मारायला आला रॉलिन बोर्जिस. म्हणजे मुंबईने आपल्याला हरवलं तेही आपल्याच नुवेच्या पोराकडून. ६-५. फोन वाजला, मी उचलला, पलीकडून पाचेक सेकंद नुसता श्वास. मग, "मानकुराद कधी पाठवतोस?"

पैज एक डझन मानकुराद आंब्यांची होती, पहिल्या तोडीच्या. पहिल्या तोडीच्या मानकुरादचा भाव ज्याने म्हापशाच्या बाजारात विचारलाय त्यालाच माझं दुःख कळेल. पाठवले. त्यातले दोन नासके निघाले असं तो अजून सांगतो. ते खोटं आहे.

भांडण मात्र आंब्याचं नाही. तो म्हणतो, संघ म्हणजे भाजी, रोज बाजारात जायचं आणि ताजी आणायची. मी म्हणतो, भाजी आणा हो, पण घरात तांदूळ नको का? परदेशी खेळाडू ही भाजी. तुमचे भारतीय खेळाडू हा तांदूळ. पुरावा देतो. कोरो गेला तेव्हा मी वहीत जवळजवळ सुतक लिहिलं होतं. त्याच्या जागी इगोर अँगुलो आला, वय ३६, आणि पहिल्याच हंगामात १४ गोल करून गोल्डन बूट घेऊन गेला. दीड पानाचा माणूस एका सहीत भरून निघाला. (आणि २०२१ मध्ये तो अँगुलोही कुठे गेला? बरोबर. मुंबईला.)

याहून मोठा पुरावा महिनाभरात फातोर्ड्यावर मिळाला. एप्रिल २०२१, एएफसी चॅम्पियन्स लीग. तिथे परदेशी चारच नोंदवता येत होते, त्यातला एक आशियाई. लीगचा गोल्डन बूट विजेता अँगुलो यादीतच नाही! तरी लॉराँ ब्लाँ ज्यांचा कोच त्या अल रय्यानला ०-० रोखलं, अल वाहदालाही ०-० रोखलं. आदल्या वर्षीच्या उपविजेत्या पर्सेपोलिसविरुद्ध एदू बेदियाने पहिला गोल केला आणि चारएक मिनिटं आपण पुढे होतो, शेवटी २-१ हरलो. त्या सामन्यांत गोलात धीरज सिंग होता, बाजूंना आणि मध्ये आपली पोरं. घरात तांदूळ असला की भाजीवाचूनही जेवण होतं, ते असं.

तर आता तुमचा प्रश्न.

ठेवण्यापासून सुरू करा, आणण्यापासून नाही. लीगमध्ये २०२१-२२ पासून मैदानावर एकावेळी चारच परदेशी चालतात, म्हणजे अकरातले सात भारतीय. सहाव्या परदेशी खेळाडूवर चर्चा करण्यात लोकांचा जितका वेळ जातो त्याच्या निम्मा वेळ सातव्या भारतीयावर घालवला तर निम्मे संघ सुधारतील. दुसरं, कराराची तारीख. शेवटचे सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी उघड बोलून सही करू शकतो, तुमच्या क्लबला एक रुपया न मिळता. म्हणजे मेअखेर करार संपणारा पोरगा तुमच्या हातून मेमध्ये सुटत नाही, डिसेंबरात सुटतो. चाहत्यांचे सगळे प्लॅन मे-जूनमध्ये लिहिले जातात. तोवर मासळी बाजारातून उठलेली असते.

म्हणून पहिलं नाव ब्रायसन फर्नांडिस. रोनाल्डोचा सौदी क्लब अल नास्र फातोर्ड्याला आला होता तेव्हा (ऑक्टोबर २०२५, रोनाल्डो आलाच नाही, पण तिकिटं गेली) गोल त्याचा होता. अशा पोराचा करार दीड वर्ष शिल्लक असतानाच वाढवायचा. तो कितीला पडतो हे विचारत बसलात तर तो किती जणांना परवडतो हे नंतर कळतं. मोहम्मद नवाज बघा, २०१८ मध्ये १८ व्या वर्षी आपण त्याला गोलात उभा केला, २०२१ मध्ये मुंबईला. ब्रँडन फर्नांडिस सात वर्षं आपला, २०२४ मध्ये मुंबईला. मंदार, नवाज, ब्रँडन. मला यात योगायोग दिसत नाही, पण मी या विषयात तटस्थ नाही हे आतापर्यंत तुमच्या लक्षात आलंच असेल.

दुसरं, आपला सेंटर बॅक संदेश झिंगन, त्याच्या बाजूला आजच कोणीतरी वीस-एकवीस वर्षांचा उभा करा. १९९३ चा आहे तो. सेंटर बॅक शेजारी उभं राहून शिकतात, त्याच्या निरोप समारंभाला येऊन नाही. परदेशी सेंटर बॅक घेतलात तरी एकच घ्या.

परदेशींमध्ये माझा क्रम: बचावासमोरचा मिडफिल्डर, मग सेंटर बॅक, मग पास देणारा, मग स्ट्रायकर. हो, स्ट्रायकर चौथा. जाहूसारखा माणूस गेला की पूर्ण संघाची चाल बदलते. गोल करणारे स्पॅनिश पस्तिशीनंतरही चालतात, हे आपण दोनदा पाहिलंय. पण बचावासमोरचा घेताना डोकं शांत असलेला घ्या. २०१९ च्या फायनलला जाहू जादा वेळेत लाल कार्ड घेऊन बाहेर गेला होता, आणि त्यानंतर भेकेचा तो गोल.

कोणाला सोडावं? हे मी सांगणार नाही. एकदा सांगून बसलोय.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. मावसभावाच्या बाजूने निकाल बघितला तर मुंबईने २०२०-२१ च्या हंगामात शिल्ड आणि कप दोन्ही घेतले, २०२३ मध्ये पुन्हा शिल्ड, २०२४ मध्ये पुन्हा कप. आपल्याकडे शिल्ड एक, ड्युरँड कप आहे, सुपर कप आहेत, पण आयएसएलचा कप अजून नाही. २०१५ ला ८९ व्या मिनिटापर्यंत फातोर्ड्यावर आपण २-१ पुढे होतो आणि ३-२ हरलो, तेव्हापासून नाही. भाजीवाल्याचं जेवण झालंय, तांदूळवाला अजून चूल पेटवतोय. दुसरं म्हणजे मंदारची जागा काही ओस पडली नव्हती. सेव्हियर गामा आणि सॅन्सन परेरा तिथे खेळले आणि तेही गोव्याचेच. म्हणजे "बदलता येईल" हे तसं अगदीच चूक नव्हतं. हा मुद्दा मी गेली काही वर्षं राखून ठेवला होता, आज प्रथमच वापरतोय.

आणि हे सगळं लीग असेल तर. जुलै २०२५ मध्ये हंगामच थांबवून ठेवला होता, काही क्लबांनी पगारही रोखले. अशा वेळी पोराला दोन वर्षांचा करार द्या म्हणून दुकानात बसून सांगणं सोपं आहे. माझ्या दुकानात एक मुलगा कामाला आहे, त्यालाही मी दर दिवाळीला "पुढच्या वर्षी बघू" म्हणतो.

वही अजून आहे. दीड पान कोरो तसाच, आकृत्यांचे रंग थोडे उडालेत. यंदाचा प्लॅन त्याच वहीत मागच्या बाजूने सुरू केलाय, यावेळी भारतीय आधी, सगळे बॉलपेनने. फोटो मात्र कोणालाही पाठवलेला नाही.

दादा, हे वाचत असशील तर तो लाल गोलवाला फोटो इथे टाकू नकोस. आणि ते दोन आंबे नासके नव्हते.