टेरियरचा कान चिकटवायचा की सोडून द्यायचा?

प्रश्न : डॉक्टर, आमचं वायर फॉक्स टेरियरचं पिल्लू साडेचार महिन्यांचं आहे. डावा कान छान दुमडून पुढे पडतो, उजवा मात्र गेल्या आठवड्यापासून ताठ उभा. ज्यांच्याकडून आणलं ते पुण्याहून फोन करून सांगतात, "आत्ताच चिकटवा, नाहीतर कायमचा बिघडेल." शेजारचे काका म्हणतात, कॅल्शियम कमी पडलंय, पावडर सुरू करा. काय करू?
— एक वाचक, देवगड

उत्तर : याला कुत्र्यांच्या शोमध्ये, म्हणजे स्पर्धेत, उतरवणार आहात का, ते तुम्ही लिहिलंच नाहीत आणि सगळं घोडं तिथेच अडलंय. शोच्या रिंगमध्ये फॉक्स टेरियरचा कान लहान आणि त्रिकोणी लागतो, घडी डोक्याच्या रेषेच्या वर आणि टोक गालालगत पुढे झुकलेलं. उभा कान तिथे मोठा दोष. घरात मात्र त्याने काही बिघडत नाही. उलट आत हवा खेळती राहते, आपल्याकडच्या दमट हवेत मी तर ती सोयच समजते.

उजवा कान उभा राहिलाय तो बहुधा दातांपायी. दुधाचे २८ दात पडून ४२ पक्के दात यायला सहा-सात महिन्यांचं वय उजाडतं. तोवर कान आज वर, उद्या खाली, कधी एक पूर्वेला तर एक पश्चिमेला. पावडर अजिबात नको. पिल्लांच्या चांगल्या तयार खाण्यात कॅल्शियम पुरेसं असतं, आणि या वयात आतडी जादाचं कॅल्शियम नीट अडवू शकत नाहीत. हाडांची वाढच बिघडते. काका ऐकत नसतील तर खुशाल माझं नाव पुढे करा.

शोला न्यायचंच असेल तर पुण्याचा सल्ला चूक नाही. कूर्चा, म्हणजे कानाला आकार देणारा आतला लवचीक भाग, मऊ आहे तोवरच कानाला वळण लागतं. पण पहिल्यांदा स्वतः करू नका. टोकाच्या आतले केस कापून, त्वचेला चालणारा गोंद लावून टोक योग्य जागी टेकवतात. दोन्ही कान सारखे बसायला हवेत, नाहीतर चेहराच तिरका दिसतो. गोंद आपोआप सुटला की पुन्हा लावायचा, पक्के दात येईपर्यंत. मध्येच काढावा लागला तर ओढू नका, खोबरेल तेलाने मऊ करून सोडवा. चप्पल जोडायचा झटपट गोंद तर घरातच लपवून ठेवा!

माझी खरी धास्ती पावसाळ्याची. चिकटवलेल्या कानाखाली ओल कोंडते. आषाढ-श्रावणात माझ्याकडे कानाची दुखणी सर्वाधिक येतात. रोज संध्याकाळी कानाजवळ नाक न्या. आंबलेल्या पिठासारखा वास आला, आत तपकिरी मळ दिसला किंवा पिल्लू डोकं झटकत पायाने खाजवू लागलं, तर त्याच दिवशी गोंद सोडवा आणि डॉक्टरकडे न्या. खळ्यात, गवतात हुंदडून आलं की घडीत गोचीड आहे का तेही बघा, ती नेमकी तिथेच दडते.

शो नसेल तर काहीच करू नका. माझा कल तिकडेच आहे. आणि कोणी विचारलंच, "एक कान वर नि एक खाली, असलो कुत्रो राखण काय करतलो?" तर त्याला माडांच्या बागेत घुशीच्या बिळापाशी घेऊन जा. ही जात इंग्लंडात कोल्ह्याला बिळातून हुसकायला तयार केलेली. पुढच्या लसीला आणाल तेव्हा दात मीच मोजून बघेन.