‘एक्स्क्यूज’ या नामाची सोबत

प्रश्न : सबब सांगणे यासाठी इंग्रजीत ‘टेल ॲन एक्स्क्यूज’ म्हणावे का? — एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : नाही, तेथे ‘मेक ॲन एक्स्क्यूज’ म्हणतात, मराठीत आपण सबब ‘सांगतो’, म्हणून ‘टेल’ सुचणे स्वाभाविक असले तरी ते इंग्रजी कानाला खटकते. लंगडी सबब मात्र तेथेही ‘लेम एक्स्क्यूज’च, आणि हे साम्य मला फार लोभस वाटते. ‘मेक एक्स्क्यूजेस फॉर समबडी’ म्हणजे दुसऱ्याच्या वागण्यावर पांघरूण घालणे. याउलट ‘मेक युवर एक्स्क्यूजेस’ यात दोषारोप मुळीच नाही, कारण त्याचा अर्थ कारण सांगून सौजन्याने निरोप घेणे, किंवा येता येणार नसल्याचे कळवणे, असा होतो. उच्चारात नामाचा शेवट ‘स’ने, क्रियापदाचा ‘झ’ने करावा.