अमेरिकेतल्या ग्रामीण काउंटीत 'फूड डेझर्ट' म्हणजे नक्की काय असतं? सगळ्यांकडे गाड्या असताना लोक शहरातून सामान का आणत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की पत्नीला दक्षिण वेस्ट व्हर्जिनियात व्हिसा वेव्हरची नोकरी मिळतेय आणि तो भाग नकाशावर 'फूड डेझर्ट' म्हणून रंगवलेला दिसला. मीही त्याच वाटेने तिकडे गेले होते. माझ्यासारख्या परदेशी डॉक्टरला रेसिडेन्सी (रुग्णालयातलं प्रशिक्षण) संपल्यावर मायदेशी परत न जाता इथेच राहायचं तर डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं काढावी लागतात, तीच ही व्हिसा वेव्हरची नोकरी. मी ती तिथल्याच मॅकडॉवेल काउंटीत काढली. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी व्याख्या. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या हिशेबाने वस्ती गरीब हवी आणि तिथल्या किमान ५०० किंवा एक तृतीयांश लोकांना मोठं किराणा दुकान लांब पडायला हवं. लांब म्हणजे शहरात १ मैल आणि खेड्यात १० मैल. मेख अशी की हे मैल नकाशावर पट्टी ठेवल्यासारखे सरळ रेषेत मोजतात. मॅकडॉवेलमध्ये सरळ रस्ता असा नाहीच. डोंगरांच्या बेचक्यांत, ओढ्याकाठी घरं आहेत, तिकडचे लोक त्या खोऱ्यांना 'हॉलर' म्हणतात. रस्ता ओढ्याबरोबर वळत जातो. नकाशावरचे ८ मैल गाडीने १६-१७ होतात, आणि बर्फ पडला की कितीही. म्हणजे सरकारी नकाशात जी घरं 'जवळ' आहेत त्यातलीही बरीच लांबच आहेत.

ही काउंटी कोळशाची. खाणी जोरात होत्या तेव्हा कामगाराला पगार कंपनीच्या बिल्ल्यांत मिळायचा आणि ते बिल्ले चालायचे कंपनीच्याच दुकानात. १९५० मध्ये इथे जवळजवळ ९९ हजार लोक होते, २०२० च्या जनगणनेत १९ हजार उरले. यंत्रं आली, खाणी बंद पडल्या, तरुण निघून गेले. फूड स्टॅम्पची, म्हणजे गरिबांना किराण्यासाठी मिळणाऱ्या सरकारी कुपनांची, आजची योजना सुरू झाली तीही इथेच. जॉन केनेडींनी १९६० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारात इथली उपासमार पाहिली होती, आणि १९६१ च्या मे महिन्यात अल्डरसन आणि क्लोई मन्सी या जोडप्याला देशातले पहिले नवे फूड स्टॅम्प मिळाले. नवरा बेकार खाणकामगार, घरात १५ माणसं, स्टॅम्प ९५ डॉलरचे. त्यांनी पहिली घेतलेली वस्तू म्हणजे डुकराचं मांस घातलेल्या बीन्सचा डबा. पुढे काउंटीतल्याच किंबॉल गावाला वॉलमार्टचं मोठं दुकान आलं, तेही २०१६ च्या जानेवारीत बंद झालं. त्या महिन्यात कंपनीने देशभरात दीडशेच्या वर दुकानं बंद केली, त्यातलं हे एक. तिथल्या अन्नछत्राला मिळणाऱ्या देणगीचा मोठा भाग त्याच दुकानातून यायचा, तोही थांबला. आता ५३५ चौरस मैलांत ताजा भाजीपाला आणि मांस ठेवणारी दुकानं मोजकीच आहेत.

ही सगळी माहिती मला तिथे गेल्यावर कळली. जाताना माझ्याजवळ मधुमेहींना द्यायचा आहाराचा छापील कागद होता. पालेभाज्या, सॅलड, ताजी फळं, मासे. पहिले काही महिने मी तो कागद सगळ्यांना मनापासून वाटला.

साठीच्या एक बाई यायच्या, इन्सुलिनवर होत्या. साखरेची वही अगदी नेटकी ठेवायच्या. महिन्याच्या सुरुवातीला आकडे २८०, ३१०, २९५. वीस तारखेनंतर धोक्याइतके खाली, ६२, ५८, एकदा तर ४९. मला वाटलं इन्सुलिन घेताना गडबड होतेय. मी डोस बदलला, पुन्हा समजावलं, सुई टोचून दाखवायला लावलं. सगळं बरोबर होतं. शेवटी आमच्या नर्सने, ती त्याच खोऱ्यात वाढलेली, वहीवर बोट ठेवून म्हटलं, "डॉक्टर, आकडे नका बघू, तारखा बघा."

फूड स्टॅम्पचे पैसे आता महिन्याच्या सुरुवातीला कार्डावर जमा होतात. तिसऱ्या आठवड्यात ते संपतात. जेवण अर्ध्यावर येतं आणि इन्सुलिन तेवढंच राहतं. ही काही एकट्या बाईंची गोष्ट नव्हती. कॅलिफोर्नियातल्या रुग्णालयांच्या नोंदींवर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. गरीब वस्तीतल्या लोकांना साखर उतरून दाखल करावं लागण्याचं प्रमाण महिन्याच्या पहिल्या आठवड्यापेक्षा शेवटच्या आठवड्यात २७ टक्के जास्त दिसलं. मी तो वाचला आणि माझा कागद वाटणं थांबवलं.

आता तुमचा गाडीचा प्रश्न. त्या बाईंच्या घरी गाडी होती, पण ती अंगणात विटांवर उभी होती. सामान आणायला शेजाऱ्याचा ट्रक, पेट्रोलचे म्हणून २५ डॉलर रोख, जाऊन-येऊन अडीच तास. मागे बर्फाची पेटी. फूड स्टॅम्पच्या कार्डावर पेट्रोल मिळत नाही, त्यामुळे ते २५ डॉलर औषधाच्या किंवा विजेच्या पैशातून यायचे. साहजिकच फेरी महिन्यातून एकच. ज्यांची गाडी चालते त्यांच्याकडेही बरेचदा एकच असते आणि ती कामावर जाणारा नेतो.

मला अंतरापेक्षा ही एक फेरी महत्त्वाची वाटते. महिन्यातून एकदाच दुकानात जायचं असेल तर तुम्ही काय घ्याल? पालक चौथ्या दिवशी काळा पडतो. टोमॅटो आठवडाभर टिकतो. म्हणून माणूस महिनाभर टिकेल ते घेतो: पांढरा ब्रेड फ्रीझरमध्ये टाकायला, बटाटे, पिंटो बीन्स, मक्याचं पीठ, फरसबीच्या डबाबंद शेंगा, नूडल्सची पाकिटं. ही निवड अज्ञानातून झालेली नाही, हिशेबातून झालेली आहे. मधल्या दिवसांत काही लागलं तर कोपऱ्यावरचं डॉलरवालं, म्हणजे स्वस्त वस्तूंचं दुकान. त्या दुकानात मी स्वतः कितीदा उभी राहिलेय. दूध, अंडी आणि बोलोनीचा (मांसाच्या तयार चकत्यांचा) एक फ्रीझ, एक अख्खी भिंत सोड्याच्या, म्हणजे गोड कोल्ड्रिंकच्या, दोन लिटरच्या बाटल्यांची, चिप्स, डबे. ताज्यात कधी केळी दिसायची, तीही डागाळलेली.

गावाकडच्या कुणी आळशीपणाचा विषय काढला की मला राग येतो. या लोकांच्या आज्या शेंगा दोऱ्यात ओवून चुलीजवळ वाळवायच्या, आपल्याकडच्या वाळवणासारख्या, आणि हिवाळाभर पुरवायच्या. माझ्या कितीतरी रुग्णांच्या घरी अजून बरण्यांत शेंगा भरतात, वसंतात डोंगरावरून रानलसूण आणतात. पण सपाट जमीन पट्टीभर, ती पुराच्या वाटेत, आणि डोंगरांचा मोठा हिस्सा बाहेरच्या कंपन्यांच्या मालकीचा. आमचं गाव वाशिम जिल्ह्यातलं. तिथे आठवड्याला बाजार भरतो, ज्याच्याकडे सायकलही नाही तोही दहा रुपयांची मेथी घेऊन येतो. तिथे बाजार माणसापर्यंत येतो. मॅकडॉवेलमध्ये माणसालाच बाजारापर्यंत जावं लागतं.

दुकान कुणी का काढत नाही? किराण्यात निव्वळ नफा शेकडा एक-दोन डॉलरचा. फ्रीझरचं बिल तेवढंच, गिऱ्हाईक कमी. घाऊक व्यापारी ठरावीक रकमेच्या खाली ट्रकच पाठवत नाही. शिवाय मोठ्या साखळ्यांना तोच माल स्वस्त पडतो. त्यावर १९३६ चा रॉबिन्सन-पॅटमन कायदा आहे, एकाच मालाला लहान-मोठ्या दुकानदारांसाठी वेगळे भाव लावू नयेत म्हणून केलेला. पण १९८० नंतर त्याची अंमलबजावणी जवळजवळ थांबली. माझ्या मते ग्रामीण किराणा बुडण्यात याचा वाटा मोठा आहे. त्यात डॉलरवालं दुकान सुका माल, साबण, कागद खेचून घेतं. ज्या नफ्यावर लहान दुकानदार भाजीचं नुकसान सोसत होता तोच जातो.

उपाय झालेत, सगळे टिकले नाहीत. कॅन्सस राज्यातल्या सेंट पॉल गावात १९८५ पासून किराणा दुकान नव्हतं. गावकऱ्यांनी २००८ मध्ये उभं केलं आणि २०१३ मध्ये ते नगरपालिकेने घेतलं. नेब्रास्कातल्या कोडी नावाच्या दीडशे वस्तीच्या गावात शाळेतली मुलं दुकान चालवतात. फ्लोरिडातल्या बाल्डविनने २०१९ मध्ये पालिकेचं दुकान काढलं, ते २०२४ मध्ये बंद करावं लागलं. आणि हेही सांगायला हवं की नुसतं दुकान उघडून ताट बदलत नाही. २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की श्रीमंत-गरिबांच्या आहारातल्या फरकापैकी दुकान जवळ नसण्याचा वाटा सुमारे दहा टक्केच. मला हे पटतं, कारण वहीतले आकडे पैशांबरोबर खाली-वर होत होते. तरीही महिन्याची फेरी आठवड्याची झाली असती तर त्या बाईंना शेवटच्या दहा दिवसांत निदान ताजं काही दिसलं असतं.

तुमचं स्वतःचं तिकडे निभेल, काळजी करू नका. डॉक्टरचा पगार आणि चालती गाडी असली की पंधरा दिवसांनी मोठ्या शहरात जाऊन येता येतं. एक चांगला डीप फ्रीझर घ्या, डाळी आणि मसाले तीन महिन्यांचे भरून ठेवा, कोथिंबीर कुंडीत लावा.

पत्नीला मात्र एवढं सांगा: आहाराचा कागद देण्याआधी रुग्णाला विचार, शेवटचं दुकानात कधी गेला होतात आणि कुणाच्या गाडीने. मी नंतर सॅलड लिहिणं सोडलं. डबाबंद शेंगा चाळणीत घालून नळाखाली नीट धुवा, मीठ बरंच निघून जातं. जाल तेव्हा फ्रोझन भाज्यांच्या पिशव्या घ्या, ताज्याइतक्याच चालतात. सोड्याऐवजी पाणी म्हणायलाही मी बिचकायची, कारण कितीतरी घरांत नळाचं पाणी उकळल्याशिवाय पिता येत नव्हतं. त्या बाईंचा डोस आम्ही महिन्याच्या दोन भागांत वेगळा लिहून दिला, वीस तारखेनंतर कमी. त्यानंतर मी तिथे होते तोवर वहीत ७० च्या खालचा आकडा दोनदाच आला.